नोटरीकडे जाण्यापूर्वी

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा नोटरीशी संबंध येतो तो बहुधा घाईत. बँकेने कागद मागितला, जीएसटीच्या नोंदणीला जागामालकाचे संमतीपत्र लागले, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरील नाव आधारकार्डाशी जुळेना, की स्टॅम्प घ्यायचा, टायपिंगवाल्याकडील तयार मजकुरात आपले नाव भरून घ्यायचे आणि जो नोटरी सापडेल त्याच्याकडे धावायचे. पाच मिनिटांत शिक्का पडतो. कागद खिशात जातो आणि काम झाले असे समजून आपण दुकान उघडायला परततो. ते काम खरोखर झाले होते की नाही, हे कळते पुढे कधीतरी. दावा लागल्यावर, किंवा घरातील कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाल्यावर.

कापडाच्या धंद्यात उधारी, भागीदारी आणि जागेचे व्यवहार रोजचे असल्याने असे कागद माझ्या नजरेखालून पुष्कळ गेले आहेत. शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत तर घराघरात अशी एक पिशवी असते. तीत आजोबांच्या वेळचा मोडीतील कागद, घरफाळ्याच्या पावत्या, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणि नोटरीचा लाल शिक्का असलेले दोन-चार स्टॅम्प असतात. घरातील माणसांना त्या लाल शिक्क्याचा भरवसा सर्वांत जास्त वाटतो. वास्तविक पिशवीतील सर्वांत कमजोर कागद पुष्कळदा तोच असतो. म्हणून नोटरीची वेळ घेण्याआधी काय तयारी करावी आणि कोणत्या कामासाठी त्याच्याकडे जाऊच नये, हे जरा तपशिलाने लिहितो आहे.

नोटरी हा मुळात व्यापाऱ्यांचाच माणूस, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. चेक न वटल्यावर आपण ज्या '१३८' खाली फिर्याद करतो ते कलम १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील आहे. परंतु या क्रमांकाच्या जागी पूर्वी दुसरेच कलम होते. सरकारने नोटरी नेमण्याची तरतूद तिथे होती. हुंडी नाकारली गेली तर ती नोटरीकडे न्यायची, त्याने नाकारल्याची नोंद करून दाखला द्यायचा, हे त्याचे मुख्य काम. १९५२ साली नोटरींसाठी स्वतंत्र कायदा झाला तेव्हा जुनी कलमे रद्द झाली आणि त्या मोकळ्या जागी १ एप्रिल १९८९ पासून चेकची तरतूद येऊन बसली. हुंड्या गेल्या, नोटरी राहिला, आणि आता त्याचा बहुतेक दिवस प्रतिज्ञापत्रांत जातो.

नोटरी करतो काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. हा माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली, त्याने शपथ घेतली किंवा माझ्यासमोर सही केली, आणि ही गोष्ट अमुक तारखेला झाली, एवढ्याची तो साक्ष देतो. कागदात लिहिलेला मजकूर खरा आहे याची हमी तो देत नाही. ज्या मालमत्तेचा उल्लेख आहे ती सही करणाऱ्याच्या मालकीची आहे की नाही, हेही तो सांगत नाही. खोटे लिहून शपथ घेतली तर जबाबदारी लिहून देणाऱ्याची. खोट्या पुराव्याला पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम १९३ लागत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२९ लागते. 'वकिलाने लिहिले, मी फक्त सही केली' हे तिथे चालत नाही.

आता तयारीकडे वळू. सर्वांत मोठा घोळ नावाचा. आपल्या समाजात तो इतका आहे की त्यावरच एक लेख होईल. उर्दू शाळेच्या दाखल्यावर 'अब्दुर्रहमान', रेशनकार्डावर 'अब्दुल रहिमान', आधारवर 'अब्दुलरहेमान', आणि घरफाळ्याच्या पावतीवर नुसते 'रहमान बागवान'. कुणाचे आडनाव धंद्यावरून अत्तार, मोमीन, शिकलगार, तर त्याच्याच भावाने शाळेत 'शेख' लावलेले. स्त्रियांच्या बाबतीत तर 'बी', 'बेगम', 'खातून' कधी जोडलेले असते, कधी नसते. निकाहापूर्वी वडिलांचे नाव, नंतर पतीचे. नोटरीकडे जाण्याआधी घरातील सर्व कागद एका चटईवर पसरावेत आणि कोणत्या कागदावर कोणते नाव आहे ते एका कागदावर जसेच्या तसे उतरवून काढावे, मराठीतही आणि इंग्रजीतही. 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे प्रतिज्ञापत्र करताना त्यात ती सगळी आली पाहिजेत. तीन नावे लिहिली आणि चौथे राहिले, तर पुन्हा पाचशेचा स्टॅम्प. आणि असे प्रतिज्ञापत्र केल्याने नाव बदलत नाही, हेही लक्षात घ्यावे. कायमचा बदल हवा असेल तर तो महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध व्हावा लागतो.

पत्त्याचेही तसेच. शिवाजी पेठेतील घराचा आधारवरील पत्ता गल्ली, तालीम, चौक यांवरून लिहिलेला असतो. प्रॉपर्टी कार्डावर मात्र सिटी सर्व्हे नंबर आणि 'ए वॉर्ड' असते. मालमत्तेचा कागद असेल तर दोन्ही लिहावेत. नंबराशिवाय लिहिलेले 'उभा मारुती चौकाजवळील घर' हे शेजाऱ्याला कळेल, सिटी सर्व्हे ऑफिसला कळणार नाही.

स्टॅम्पच्या बाबतीत नियम बदलले आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीचे शंभराचे व दोनशेचे बहुतेक काम पाचशेच्या मुद्रांकावर गेले. पण म्हणून प्रत्येक प्रतिज्ञापत्राला पाचशे मोजायचे असे नाही. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ सालच्या शासन आदेशाने मुद्रांक शुल्क माफ आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, यांसाठी विद्यार्थ्यांकडून स्टॅम्प मागू नये असे मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी पुन्हा बजावले. इतकेच काय, २०१५ सालापासून बऱ्याच दाखल्यांना प्रतिज्ञापत्राचीच गरज राहिलेली नाही, साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते. तेव्हा पहिले काम हे, की ज्या टेबलाला कागद द्यायचा आहे तिथेच विचारावे: प्रतिज्ञापत्र हवे की स्वयंघोषणा? स्टॅम्पवर की साध्या कागदावर? मजकुराचा नमुना आहे काय? नमुना मिळाला तर अर्धी डोकेदुखी संपते. टायपिंगवाल्याला विचारू नये, तो स्टॅम्पच सांगणार. त्याचाही धंदा आहे.

स्टॅम्प लागत असेल तर तो दस्तातील पक्षकारांपैकी एकाच्या नावावर घेतलेला असावा. दुकानातील नोकराच्या नावावर स्टॅम्प आणला आणि त्यावर दोन भावांचा करार लिहिला, तर कायद्याच्या नजरेत तो बिनमुद्रांकाचाच. तसेच घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो वापरला पाहिजे. गल्ल्यात जुने स्टॅम्प जपून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. जुन्या तारखेचा स्टॅम्प 'मिळवून देतो' म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार पावले दूरच राहावे. आपल्या शेजारच्या खानापूरच्या तेलगीचे बनावट मुद्रांकाचे प्रकरण २००३ साली गाजले, तेव्हा नकली स्टॅम्प बाळगणाऱ्या साध्या लोकांचीही झोप उडाली होती.

वेळ ठरल्यावर काय न्यावे? मूळ आधार, पॅन, त्यांच्या प्रती, दोन छायाचित्रे, ज्या कागदांचा मजकुरात उल्लेख आहे ते मूळ कागद, आणि साक्षीदार लागत असतील तर त्यांना त्यांच्या ओळखपत्रासह. सत्यप्रत करून घ्यायची असेल तर मूळ प्रत हवीच, झेरॉक्सवरून झेरॉक्सची सत्यप्रत होत नाही. सही घरी करून नेऊ नये. पुष्कळजण वेळ वाचवायला घरच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन एकालाच पाठवतात. अशाने त्या कागदाचा पायाच जातो, कारण 'माझ्यासमोर सही केली' एवढाच तर नोटरीच्या साक्षीचा अर्थ. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर नोटरीला प्रवासखर्च देऊन घरी बोलावता येते. कागदाइतकेच त्याचे रजिस्टर महत्त्वाचे. त्यात सही किंवा अंगठा द्यावा लागतो आणि नोंदीचा क्रमांक कागदावर येतो. तो आला की नाही हे उठण्यापूर्वी बघावे. उद्या कोणी 'ही सही माझी नाही' म्हटले तर आधार त्या रजिस्टरचाच. गोल शिक्क्यावर नोटरीचे नाव, नोंदणी क्रमांक व कार्यक्षेत्र वाचता येते की नाही, प्रत्येक पानावर सही झाली की नाही, खाडाखोडीजवळ छोटी सही आहे की नाही, मोकळ्या जागांवर रेघ मारली की नाही, हे सर्व तिथेच पाहून घ्यावे. फीचा दर सरकारी नियमाने ठरलेला असून तो कार्यालयात लावलेला असावा व पैशाची पावती मिळावी, असा नियम आहे. पावती मागण्यात संकोच कसला? आपण गिऱ्हाइकाला बिल देतोच की.

सहीबद्दल एक. उर्दूत सही करणाऱ्यांनी ती बिनधास्त उर्दूतच करावी. कायद्याची काही हरकत नाही. फक्त बँकेत आणि पॅनवर जी सही आहे तीच हवी. आणि मजकूर मराठीत असेल तर तो वाचून, समजावून सांगितल्याचा शेरा नोटरीकडून घ्यावा. खरे तर उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला दस्ताची मराठी इतकी परकी वाटू नये. दस्त, मुखत्यार, कबुलायत, मुदत, हक्क, वारस, नक्कल हे सगळे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. अडचण भाषेची नसून न वाचण्याच्या सवयीची आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, देणेकऱ्याने मजकूर सांगावा, दोन साक्षीदार घ्या, हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत किती विस्ताराने आले आहे! ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आपण ती वाचतो, आणि बाजारात येऊन चिठ्ठीवर लाखाचा माल सोडतो.

स्त्रियांच्या सह्यांबद्दल स्पष्टच लिहितो. वडिलांच्या निधनानंतर बहिणींना बोलावून 'इथे सही कर' म्हणणे हा आपल्या घरांतील नित्याचा प्रकार झाला आहे. शरीअतने मुलीला दिलेला हिस्सा नोटरीच्या कागदावर पाच मिनिटांत संपवला जातो. पडदानशीन स्त्रीच्या दस्ताबाबत न्यायालये फार पूर्वीपासून कडक आहेत. तिला तो वाचून दाखवला, समजला, तिला स्वतंत्र सल्ला मिळाला, हे सिद्ध करण्याचा भार ज्याला फायदा झाला त्याच्यावर असतो. आणि जमीन-घरातील हिस्सा सोडण्याचे हक्कसोडपत्र तर नोंदणीकृतच लागते. ते नोटरीवर केलेले असेल तर वीस वर्षांनी भाचे दारात उभे राहिले तर त्यांना दोष देता येणार नाही. बहीण स्वेच्छेने देत असेल तर तिच्या पसंतीच्या वकिलाला बसवावे, भावांनी बाहेर थांबावे. चेहऱ्याची ओळख पटवण्यासाठी कार्यालयातील स्त्री कर्मचाऱ्याला बोलवा असे सांगितले तर बहुतेक नोटरी आनंदाने व्यवस्था करतात.

आता ज्या कामांना नोटरी पुरत नाही त्यांच्याकडे. इथेच आपल्या माणसांचे सर्वांत जास्त पैसे बुडाले आहेत.

जागा खरेदी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. 'नोटरी करून घेतली' म्हणजे खरेदी झाली असे नव्हे. मुखत्यारपत्र, करार व पैसे दिल्याची पावती एवढ्यावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निक्षून सांगितले. आमच्या माहितीतील एका टेलर बंधूने १९९४ साली छोटा गाळा असाच नोटरीवर घेतला. पूर्ण पैसे दिले, तेवीस वर्षे मशीन तिथे चालवले. मूळ मालक वारला. प्रॉपर्टी कार्डावर नाव त्याचेच होते, त्यावर मुलांची वारसनोंद झाली. मुले वाईट नव्हती, पण त्यांच्याही बायकामुलांचा प्रश्न होता आणि गाळ्याची किंमत आता शिवाजी पेठेच्या हिशेबाने कुठल्या कुठे गेली होती. शेवटी टेलरने मुलांना वेगळी रक्कम दिली, मुद्रांक चालू बाजारभावाने भरला, तेव्हा खरेदीखत झाले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. १९९४ साली नोंदणीला जो खर्च आला असता तो आठवून तो आजही गप्प होतो.

दुकान भाड्याने देणे-घेणे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की नोंदणी लागत नाही, असा समज बाजारात घट्ट बसलेला आहे. इतर राज्यांचे मला सांगायचे नाही, पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी व नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही कमी असो. नोंदणीची जबाबदारी जागामालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकऱ्याचे म्हणणे धरले जाते, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. ज्यांनी एखादी खोली गोदामाला दिली आहे त्यांनी आजच आपला कागद काढून पाहावा. लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता घरी बसून ऑनलाइन अंगठ्याने होते.

भागीदारी. दोन भाऊ, किंवा मामा-भाचे, स्टॅम्पवर भागीदारीपत्र करून नोटरी करतात आणि फर्मच्या नावाने माल उधार देऊ लागतात. पण फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे ती फर्म आपल्या करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही. गांधीनगर, इचलकरंजी, महाद्वार रोड, सगळीकडे धंदा उधारीवर चालतो. वसुलीच्या वेळी समोरच्याचा वकील पहिला प्रश्न फर्मच्या नोंदणीचाच विचारतो. नोटरीचा शिक्का तिथे दाखवून उपयोग नाही. भागीदारांपैकी कोणी वारल्यास त्याच्या मुलांचे काय, हे कलमही तयार नमुन्यात बहुधा जसेच्या तसे ठेवलेले असते. ते वाचून, आपल्या घराला लागू पडेल असे लिहून घ्यावे.

मुखत्यारपत्राला मात्र नोटरीची साक्ष खरोखर उपयोगी पडते. नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र खरे आहे असे न्यायालय गृहीत धरते. बँक, जीएसटी, परगावची वसुली अशा कामांना ते पुरते. पण त्यात 'सर्व अधिकार' असे मोघम लिहू नये. कोणते काम, कोणत्या मालमत्तेबाबत, केव्हापर्यंत, हे लिहावे. देणारा माणूस मरण पावला की साधे मुखत्यारपत्र संपते. त्यानंतरही ते वापरणारे नातेवाईक असतात, म्हणून मूळ कागद कोणाच्या हाती आहे हे घरात दुसऱ्या एकाला ठाऊक असावे.

हिब्याचा प्रश्न आपला स्वतःचा आहे. देण्याची घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि ताबा, या तीन गोष्टी झाल्या की मुस्लिम कायद्याने हिबा पूर्ण होतो. तो तोंडीही चालतो, आणि साध्या कागदावर लिहिला म्हणून केवळ नोंदणीअभावी तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हफीझा बीबी प्रकरणात म्हटले आहे. यावर विसंबून बरेच लोक नोटरीवर हिबानामा करतात. कायद्याने तो उभा राहील, पण सिटी सर्व्हेत नाव लावताना, बँकेत तारण ठेवताना त्याच्यासाठी दहा खेटे पडतात, आणि दुसऱ्या भावाने 'ताबा दिलाच नव्हता' म्हटले की साक्षी-पुरावा सुरू. राहते घर किंवा शेतजमीन पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांकात मोठी सवलत आहे. तीच सवलत दुकानगाळ्याला नाही. तेव्हा घरापुरते तरी नोंदणीकृत करून टाकणे शहाणपणाचे. वसियत करणाऱ्यांनी एक-तृतीयांशाची मर्यादा आणि वारसाला वसियत इतर वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही, हा नियम कागद लिहिण्यापूर्वी आलिमांना विचारून घ्यावा. नोटरी ते सांगायला बांधील नाही.

तलाकनामा, खुलानामा, लग्नाचे प्रतिज्ञापत्र घेऊनही काहीजण नोटरीकडे जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा मंत्रालयाने नोटरींना असे दस्त करू नयेत असे कळवले आहे. अशा कामाला काझी साहेब आणि गरज पडल्यास कौटुंबिक न्यायालय.

पेठेत अनेक वकिलांची पाटी घराच्या सोप्यावरच असते आणि संध्याकाळी सहानंतर तिथे शांतपणे बोलता येते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने त्या बाजूला दिवसभर वर्दळ असते. म्हणून घाईचा कागद नसेल तर मजकूर आदल्या दिवशी नोटरीकडे वाचायला द्यावा, घरी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सहीला जावे. काम झाल्यावर दोन रंगीत प्रती काढाव्यात, एक दुकानात आणि एक घरी. रजिस्टरचा क्रमांक, तारीख व नोटरीचे नाव खतावणीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. मूळ कागद ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवू नये. रंकाळ्याच्या बाजूच्या घरांत पावसाळ्यात स्टॅम्पची शाई किती लवकर पसरते, हे त्या भागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.